नऊ दिवस एकोणीस तास

दयानंदरावांना गप्प बसण्यासाठी लातूरला जावं लागलं, ही गोष्ट त्यांच्या घरच्यांना शेवटपर्यंत पटली नाही. पटण्यासारखी नव्हतीच. गेली सत्तावीस वर्षं नांदेडात, राहत्या घरी, त्यांना "तुम्ही गप बसा" असं दिवसातून सरासरी चारदा सांगितलं जात होतं आणि ते बसतही होते. तीच सोय पार लातूरपलीकडे जाऊन, चटईवर झोपून, पहाटे चारला उठून घ्यायची यात अक्कल कोणती, असा शेजारचे मकबूलभाई यांचा रोकडा सवाल होता.

मकबूलभाईंचं शिलाईचं दुकान दयानंदरावांच्या दाराला लागून आहे. माप घेता घेता सल्ला द्यायची त्यांना सवय, आणि टेप गळ्यात असल्यामुळे सल्लाही मापात बसवल्यासारखा वाटतो. ते म्हणाले, दयानंदभाऊ, खामोशीच पाहिजे तर आमच्या दुकानात बसा, मशीनच्या आवाजात कुणालाच काही ऐकू येत न्हाई. दयानंदरावांनी त्यांना समजावलं की गप्प बसवलं जाणं वेगळं आणि गप्प बसणं वेगळं. मकबूलभाईंनी क्षणभर विचार केला आणि ते पुन्हा काज करायला लागले.

खरं कारण असं होतं. दयानंदराव एका महाविद्यालयात कार्यालयीन अधीक्षक आहेत. परीक्षेचे फॉर्म, शिष्यवृत्ती आणि बोनाफाईड यांचा घोळका त्यांच्या टेबलासमोर दहाला जमतो तो सहाला पांगतो. डॉक्टरांनी रक्तदाबाचा पट्टा दोनदा फुगवला आणि म्हणाले, जरा शांत राहत जा. दुसऱ्या कुणी हा सल्ला समजून विसरून टाकला असता. दयानंदरावांनी तो आदेश समजून त्याच्या अंमलबजावणीची यंत्रणा शोधली. लातूरच्या पुढे, रेणापूरच्या रस्त्यावर नीरव साधना केंद्र म्हणून एक जागा निघाली. दहा दिवसांचं मौन. बोलायचं नाही, लिहायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, मान हलवायची नाही आणि नजरेला नजर द्यायची नाही. मध्ये एकदा जरी मोडलं, तरी मोजणी पहिल्यापासून. मन नव्यानं पालवतं, असं पत्रकावर छापलं होतं.

रजेच्या अर्जात त्यांनी कारण लिहिलं: मौन. प्राचार्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, कशाच्या निषेधार्थ?

कशाच्याच नाही म्हटल्यावर पेच वाढला. निषेध असता तर त्याला फाईल होती. वैद्यकीय रजेला आजार लागतो, आणि नुसत्या शांततेला रजा नियमात कलम नाही. आजवर असे कित्येक अर्ज दयानंदरावांनीच परत पाठवले होते, त्यामुळे नियमाचं दार किती पक्कं लागतं हे त्यांना बाहेरून पहिल्यांदाच कळत होतं. शेवटी मौनाला प्रशिक्षण समजण्यात आलं. अट एकच, दहा दिवस पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र जोडायचं. नाही जोडलं तर सगळी रजा बिनपगारी.

हे सगळं त्यांनी बायकोला, चंद्रकलाबाईंना, सलग तीन संध्याकाळी तपशीलवार सांगितलं. मौन म्हणजे काय, नियम कोणते, रविवारी संध्याकाळी पाचला कसं सुटतं. चंद्रकलाबाई दर वाक्याला "हं" म्हणाल्या. या "हं"वर दयानंदरावांचा फार विश्वास होता. कॉलेजात ऐकून घेणारं कुणी नसलं तरी घरी एक माणूस आहे, या आधारावर त्यांची सत्तावीस वर्षं गेली होती.

केंद्रातले पहिले चार दिवस मनात बोनाफाईडच येत राहिले. पाचव्या दिवशी मात्र कडुलिंबाखाली बसलेले असताना एकाएकी सगळं थांबलं. वर एक तांबट पक्षी ठोका धरल्यासारखा टुक टुक करत होता आणि दयानंदरावांच्या डोक्यात त्याखेरीज काहीही नव्हतं. हे साधारण चार मिनिटं टिकलं. आयुष्याची बावन्न वर्षं आपण कुणाच्या तरी अर्जावर बसून होतो आणि आत्ता कुठे खुर्चीवरून उठलो, असं त्यांना वाटलं. डोळ्यांत पाणी आलं. नियमात त्याला मनाई नव्हती.

सहाव्या दिवशी केंद्राची मोटर जळाली.

व्यवस्थापक वीरण्णा हा उदगीरकडचा. केंद्रात बोलायची परवानगी त्याला एकट्यालाच होती, म्हणून तो सगळ्यांच्या वाटचं बोलायचा. "नीरू इल्ला," तो म्हणाला. "पाणीच न्हाई तर साधना कशी करणार? घरी जावा. पण मौन सोडू नका. राहिलेले दिवस घरी पुरे करा, रविवारी पाचला सुटलं की फॉर्मवर खरं काय ते लिवून द्या, प्रमाणपत्र पोस्टानं येतंय." त्यानं प्रत्येकाला "मी मौनात आहे" असं छापलेलं एक कार्ड दिलं आणि दयानंदरावांना स्वतः नांदेडच्या गाडीत बसवून कंडक्टरला काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते कळलं नाही, पण कंडक्टरनं त्यांना दिव्यांगांसाठी राखीव असलेल्या जागेवर बसवलं. आपण नियमाविरुद्ध बसलो आहोत ही टोचणी दयानंदरावांना अहमदपूर, लोहा आणि पुढे नांदेडपर्यंत पुरली. वाटेत एका म्हातारीनं त्यांच्या हातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवला आणि "जन्मापासूनच का?" असं शेजारणीला विचारलं.

बुधवारी दुपारी ते घरात शिरले तेव्हा त्यांच्या खांद्यावर एक केशरी टॉवेल होता.

इथे टॉवेलबद्दल सांगणं भाग आहे. महिन्यापूर्वी कंधारला त्यांचे मेहुणे भुजंग यांच्या नव्या घराची वास्तुशांत झाली. तिथे धाकट्या जावयाला फेटा आणि सफारीचं कापड असा आहेर झाला आणि दयानंदरावांना, म्हणजे थोरल्या जावयाला, हा टॉवेल. दयानंदरावांना त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. टॉवेल पाणी चांगलं टिपत होता. म्हणून तर त्यांनी तो लातूरला नेला.

चंद्रकलाबाईंनी विचारलं, "लवकर आलात?" उत्तर नाही. "जेवून आलात का?" उत्तर नाही. नजरही नाही. दयानंदराव सरळ न्हाणीघरात गेले. बाहेर येऊन कार्ड दाखवायचं त्यांनी ठरवलं होतं, आणि कार्ड दाखवणं खुणेत मोडतं की नाही यावर अंगावर पाणी घेता घेता त्यांचा विचार चालला होता. तेवढ्यात चंद्रकलाबाईंनी बाहेर काढलेला शर्ट खिशासकट साबणाच्या पाण्यात बुडवला. कार्डाचा लगदा झाला आणि प्रश्न निकालात निघाला. तासभरानं चंद्रकलाबाईंनी कंधारला फोन लावला आणि आवाज खाली घेऊन सांगितलं, "भुजंग, हे रुसलेत. टॉवेल खांद्यावर टाकून फिरून राहिलेत."

आता रुसलेला जावई ही एरवीसुद्धा वाईटच गोष्ट, पण हा रुसवा फारच वाईट वेळेला आला होता. येत्या रविवारी कंधारला भुजंगच्या मुलीची, पुनमची, सुपारी फोडायची होती. रेणापूरचं स्थळ. आणि भुजंगच्या घराण्याची एक रीत आहे. सगळं ठरलं, देणंघेणं झालं, तारीख निघाली, की शेवटी पाव्हण्यांनी घरच्या थोरल्या जावयाला विचारायचं, करायचं का? त्यानं तोंडानं "हाव" म्हटल्याशिवाय सुपारी फुटत नाही. भुजंगच्या आजोबांनी ही रीत लावली म्हणतात, कारण नकार द्यायचाच झाला तर तो घरातल्या माणसानं देऊ नये. बैठक दुपारी बाराला होती. मौन पाचला सुटणार होतं.

हे दयानंदरावांना त्याच संध्याकाळी, भिंतीपलीकडून फोन ऐकताना कळलं. त्यांनी हिशोब केला. बाराला बोललं तर प्रमाणपत्र गेलं, रजा बिनपगारी, आणि लिंबाखालची ती चार मिनिटं, ज्यांच्या मागोमाग आणखी येतील अशी त्यांना आशा होती, तीही पहिल्यापासून. नाही बोललं तर पोरीची सोयरीक मोडली. मनाच्या शांतीसाठी घेतलेल्या रजेत त्यांची त्या रात्रीची झोप गेली.

गुरुवारी भुजंग आला. फेटा, सफारीचं कापड, नारळ आणि पेढे असा ऐवज त्यानं टेबलावर मांडला आणि खाली सतरंजीवर बसला. पंचवीस एकर बागाईत असलेला माणूस आपल्या घरात सतरंजीवर बसलेला दयानंदराव पहिल्यांदाच पाहत होते, म्हणजे नियमाप्रमाणे पाहत नव्हते.

"दाजी, चुकलं आमचं," भुजंग म्हणाला. "टॉवेल मंडपवाल्यासाठी आणला होता. तुमचा आहेर आणायचाच राहिला. म्हणलं दाजींना काय, दाजी काही म्हणत न्हाईत."

दयानंदराव काही म्हणाले नाहीत. त्यामुळे भुजंग पुढे सरकला आणि म्हणाला की दरवेळी तुम्हाला दुसऱ्या पंगतीला बसवतो तेही चुकतंच. तरीही काही नाही म्हटल्यावर त्यानं सांगून टाकलं की सोळा साली पपईची जी पेटी पाठवली होती ती आधी धाकट्या पाव्हण्यांकडं जाऊन, त्यांनी नको म्हणून परत आलेली होती. दयानंदरावांना ती पपई आठवली. मेहुण्यानं आठवण ठेवली म्हणून त्यांनी ती कॉलेजात वाटली होती.

जाताना भुजंगला दारात मकबूलभाईंनी गाठलं आणि खरं काय ते सांगितलं, की भाऊ रुसले न्हाईत, मौनात हायेत, पैसे भरून गेले होते. भुजंगनं त्यांचा हात हातात घेतला. शेजारी असावा तर असा, घरातलं झाकून घेणारा, असं तो बहिणीला म्हणाला. पैसे भरून कुणी गप बसतंय का?

मकबूलभाई मात्र त्या सगळ्यानं विचारात पडले असावेत. संध्याकाळी ते आत आले आणि खुर्ची ओढून बसले. "तुम्ही बोलणार न्हाईत हे मला ठाऊक हाय," ते म्हणाले, "म्हणूनच आलो. तुमच्या पंचविसाव्या वाढदिवसाचा, म्हणजे लग्नाच्या हो, तो कोट शिवला होता. त्याची डावी बाही अर्धा इंच आखूड झाली होती. मी म्हणलो होतो तुमचा हातच लांब हाय. तो न्हाई लांब. बायको रईसा रोज म्हणते सांगून टाका, सांगून टाका. आज सांगितलं. अल्ला कसम, हलकं वाटून राहिलं."

गेली दोन वर्षं दयानंदराव डावा हात जरा वर ओढून चालत होते. कॉलेजात त्यावरून त्यांना अर्धांगवायूचे दोन घरगुती उपायही सुचवले गेले होते. त्यांनी हात हळूच सैल सोडला. खूण होणार नाही अशा बेतानं.

घरात मात्र त्यांचा मान भलताच वाढला. पहिला चहा त्यांना. दह्यावरची साय त्यांना. पंखा त्यांच्याकडे. सत्तावीस वर्षं बोलून जे मिळालं नव्हतं ते दोन दिवस न बोलता मिळालं, याची नोंद त्यांनी मनातल्या मनात घेतली. पण आतली शांतता दर माफीगणिक थोडी थोडी उडत चालली होती. लातूरहून निघाले तेव्हा त्यांची कुणाबद्दल काहीही तक्रार नव्हती. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत त्यांच्याकडे चार तक्रारी जमल्या, सगळ्या समोरच्यांनी स्वतः आणून दिलेल्या.

पाचवी शनिवारी सकाळी सासूबाईंनी आणली. तुळजाबाई ऐंशीच्या आहेत आणि कंधारहून गाडी करून खास आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "जावईबापू, मला ठाऊक हाय तुमच्या मनात काय हाय. कुणीतरी तुम्हाला त्या जनावराच्या डॉक्टरचं सांगितलं."

कुणी सांगितलं नव्हतं. तुळजाबाईंनीच सांगितलं. चंद्रकलाबाईंना आधी अकरा स्थळं आली होती. त्यातला एक जनावरांचा डॉक्टर सगळ्यांना फार पसंत होता. तो नको म्हणाला, मग घाईघाईनं बारावं स्थळ काढलं. "तुम्ही काही वाईट निघाला न्हाईत," त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या. अकरा स्थळं नाकारून आपल्याला निवडलं, असं दयानंदराव आजवर सांगत आले होते. आकडा बरोबर होता. नकार देणाऱ्याची बाजू तेवढी चुकली होती.

त्याच दुपारी चंद्रकलाबाई मेथी निवडत त्यांच्यासमोर बसल्या. बराच वेळ देठ मोडल्याचाच आवाज येत होता.

"टॉवेल न्हाई, पपई न्हाई, डॉक्टर न्हाई," त्या खाली बघत म्हणाल्या. "मला ठाऊक हाय तुम्ही कशानं गप्प झालात. तुम्हाला कळलंय."

दयानंदराव भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

"तुम्ही बोलता तेव्हा मी हं म्हणते. पण मी ऐकत नसते. मनात उद्याच्या भाजीचं चाललेलं असतं. लग्नानंतर एक-दोन वर्षं ऐकलं. मग तुम्ही तेच तेच सांगायला लागलात." त्यांनी एक जुडी संपवून दुसरी घेतली. "लातूरला कशाला गेलात तेसुद्धा मला माहीत न्हाई. काहीतरी तीन दिवस सांगत होतात."

बाकीच्या पाच तक्रारी दयानंदरावांनी पचवल्या असत्या. हिच्यावर उत्तर द्यावं असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं. त्यांनी घोटभर पाणी पिऊन ते उत्तर खाली दाबलं.

रविवारी सकाळी कंधारला त्यांना ओसरीवर वेताच्या खुर्चीत बसवलं. अंगात सफारी होती, मकबूलभाईंनी दोन दिवसांत शिवून दिलेली, दोन्ही बाह्या सारख्या. डोक्याला फेटा. येणारा-जाणारा वाकून नमस्कार करून पुढे जात होता, देवळाबाहेरच्या मारुतीला करतात तसा. पुनम चहा घेऊन आली आणि कप ठेवून तिथेच पायरीवर बसली. आत्याचा नवरा म्हणून ती त्यांना मामा म्हणते.

"तुम्ही कुणाला सांगत न्हाईत म्हणून सांगते, मामा," ती म्हणाली. "पोरगा चांगला हाय. दोनदा बोललेय मी त्याच्याशी. पण तारीख मार्चमधली धरलीय आणि मे महिन्यात माझी फार्मसीच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा हाय. नव्या नवरीला पेपराला कोण धाडतंय? आईला सांगितलं, तर म्हणली बापाला सांग. बापाला सांगितलं, तर म्हणले आधी दाजीचा रुसवा निघू दे, मग बघू." तिनं कपावरची माशी हाकलली. "चार दिवस झाले, घरात सगळे तुमचंच घेऊन बसलेत. माझं कुणी ऐकून घेईना झालंय."

ती उठून गेली. दयानंदरावांनी तिच्या पाठीकडे पाहिलं. सव्वादहा वाजले होते. सगळं जग आपल्यापाशी येऊन बोलून गेलं, आणि बोलायचं खरं काम होतं त्या पोरीचं बोलणं आपल्या शांततेखाली दबलं, हे त्यांना चहा गार होईपर्यंत पुरलं.

बाराला बैठक भरली. एका बाजूला रेणापूरचे उमाशंकर, मुलाचे वडील, खताबियाण्याचे दुकानदार, आणि त्यांची चार माणसं. दुसऱ्या बाजूला भुजंगची माणसं. जावई रुसलाय ही बातमी रेणापूरला पोचलेली होती, त्यामुळे उमाशंकर जपून बसले होते. बैठक पाचपर्यंत लांबवता येईल का, याचा विचार दयानंदरावांनी शेवटचा एकदा करून पाहिला. पण रविवारी साडेचारला राहुकाळ लागतो हे ते स्वतःच गेली कित्येक वर्षं लोकांना सांगत आले होते.

उमाशंकरांनी ताटातल्या सुपारीला हात लावला आणि विचारलं, "काय पाव्हणं, करायचं का?"

भुजंगची नजर कोपऱ्यात वाळत टाकलेल्या कुठल्याशा टॉवेलवर गेली होती. तुळजाबाईंनी पदर तोंडाशी धरला होता. तो जनावरांचा डॉक्टर आता पाव्हण्यांसमोर निघणार याची त्यांना खात्री होती. चंद्रकलाबाई जमिनीकडे बघत होत्या. या माणसाकडे सांगण्यासारखं काय काय आहे हे तिथल्या प्रत्येकाला, आपापल्यापुरतं, नेमकं माहीत होतं.

दयानंदरावांनी तोंड उघडलं. नऊ दिवस न वापरलेल्या घशातून आधी, कोरड्या नळाला पाणी यायच्या आधी येतो तसा, नुसता आवाज आला. मग शब्द आले.

"लग्न जूनमधी," ते म्हणाले. "पोरीची परीक्षा झाल्यावर. तसं असंल तर हाव."

सगळे पुढचं ऐकायला थांबले. पुढचं काही आलं नाही.

"एवढंच, दाजी?" भुजंगनं विचारलं.

"एवढंच."

निम्म्या बैठकीनं एकदम श्वास सोडला. पाच मिनिटांपूर्वी भुजंगनं जून ऐकून घेतला नसता, आता त्यानं जुलैसुद्धा दिला असता. उमाशंकर म्हणाले, परीक्षा हाय हे आम्हाला कुणी सांगितलंच न्हाई, पेपर बुडवून या म्हणतंय कोण? कोणीच म्हणत नव्हतं असं निघालं. कुणी विचारलंही नव्हतं. बारा वाजून वीस मिनिटांनी सुपारी फुटली, आणि दयानंदरावांना जेवायला पहिल्या पंगतीत बसवलं.

प्रमाणपत्राच्या फॉर्मवर त्यांनी खरं तेच लिहिलं. मौनाचा कालावधी: नऊ दिवस एकोणीस तास. खंडाचं कारण: परीक्षेचं वेळापत्रक. केंद्रानं खेद व्यक्त करून पहिल्यापासून यायचं निमंत्रण दिलं आणि कॉलेजनं सगळी रजा बिनपगारी केली. ती टिपणी नियमाप्रमाणे दयानंदरावांनाच करावी लागली, आणि त्यांनी ती निर्दोष केली.

पण हे नंतरचं. त्या रविवारी संध्याकाळी कंधारहून परतताना गाडीत चंद्रकलाबाई खिडकीशी बसल्या होत्या. पाच वाजले तेव्हा दयानंदरावांनी सवयीनं घड्याळ पाहिलं.

"बोला की आता," चंद्रकलाबाई म्हणाल्या. "दहा दिवसांचं साचलं असंल."

दयानंदरावांनी सांगायला सुरुवात केली. केंद्राचे नियम सांगितले, वीरण्णा सांगितला, कडुलिंब सांगितला. टुक टुक करणारा तांबट आला तेव्हा त्यांचा आवाज जरा कातर झाला. चंद्रकलाबाई बाहेरच्या रानाकडे बघत होत्या. "हं," त्या म्हणाल्या. पुढच्या वाक्याला परत "हं." दयानंदराव थांबले.

"मी काय म्हणालो?" त्यांनी विचारलं.

खिडकीतून हळदीच्या रानाचा वास आत येऊन गेला.

"लिंबाखाली चार मिनिटं बरं वाटलं म्हणालात," त्या म्हणाल्या. "आणि उद्या मेथी."

मेथीबद्दल दयानंदराव एक अक्षरही बोलले नव्हते. पण तो मुद्दा त्यांनी काढला नाही. लोह्याचा फाटा येईपर्यंत ते तसेच, हात मांडीवर सैल सोडून, गप्प बसून राहिले.